कॅन्सरच्या ट्रायलमध्ये मनगटावर घड्याळ कशासाठी?

कॅन्सरच्या नव्या औषधाच्या अभ्यासात रुग्णांना स्मार्टवॉच दिलं, किंवा अंगाला चिकटणारा सेन्सर लावला, अशा बातम्या आता वरचेवर येतात. त्या वाचून काहींना वाटतं, घड्याळ आता कॅन्सर शोधून देणार. काहींना हा सगळा देखावा वाटतो: आजार एवढा गंभीर, आणि पावलं कसली मोजत बसायची?

पहिली समजूत आधी दूर करू. घड्याळाला गाठ दिसत नाही. ती वाढली की आक्रसली हे कळायला स्कॅनच लागतो, आणि ती कसली आहे हे कळायला बायोप्सी. घड्याळ टिपतं ते उपचार सोसणाऱ्या शरीराचं रोजचं वागणं: किती चाललं, किती पडून राहिलं, नाडी कशी होती, ताप केव्हा चढला. दुसरी शंका जास्त रास्त आहे. तिचं उत्तर देण्यासाठी कॅन्सरच्या संशोधनात आजवर काय नीट मोजलं गेलं आणि काय अंदाजावर सोडलं गेलं, ते पाहायला हवं.

गाठ मिलिमीटरमध्ये, माणूस अंदाजाने

नव्या उपचाराची माणसांवर ठरलेल्या नियमांनी घेतलेली चाचणी म्हणजे ट्रायल. औषधाचा गाठीवर परिणाम होतोय का, हे ठरवायचे ट्रायलमधले नियम फार काटेकोर आहेत. ‘रेसिस्ट’ नावाची नियमावली २००० मध्ये आली, २००९ मध्ये सुधारली गेली. स्कॅनवर निवडलेल्या गाठींचे व्यास मोजायचे आणि त्यांची बेरीज करायची. ती ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद. सर्वांत कमी नोंदलेल्या बेरजेपेक्षा २० टक्क्यांनी वाढली तर आजार पुढे सरकला. जगाच्या पाठीवर कुठल्याही केंद्रात हेच गणित.

त्याच माणसात ताकद किती उरली आहे हे मात्र ‘ईकॉग’ श्रेणीने ठरतं. ही श्रेणी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. शून्य म्हणजे आजाराआधीसारखा हिंडता-फिरता. एक म्हणजे कष्टाची कामं जमत नाहीत, बाकी सगळं जमतं. दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, कामाला जाऊ शकत नाही, पण जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ उठून वावरतो. तीन म्हणजे तोच निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत जातो. चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला, आणि पाच म्हणजे मृत्यू.

या एका आकड्यावर फार काही अवलंबून असतं. ट्रायलमध्ये प्रवेश मिळणार का, डोस पूर्ण द्यायचा की कमी करायचा, कधी कधी केमो द्यायची की नाही हेसुद्धा. आणि तो ठरतो काही मिनिटांच्या भेटीत, डॉक्टरांनी विचारलेल्या दोन-चार प्रश्नांवर आणि रुग्ण आत चालत कसा आला यावर. एकाच रुग्णाला दोन डॉक्टर वेगवेगळा आकडा देतात, रुग्णाने स्वतःला दिलेला आकडा तिसराच निघतो. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. पाहुणे यायच्या दिवशी घर आवरलेलं असतं, तसा रुग्ण तपासणीच्या दिवशी स्वतःला आवरून येतो. अंघोळ करून, बरे कपडे घालून, उरलीसुरली ताकद गोळा करून. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणतो, कारण केमो पुढे ढकलली जाईल याची धास्ती असते.

केमोचं एक आवर्तन बहुधा एकवीस दिवसांचं असतं. त्यातला एखादा दिवस रुग्णालयात जातो. मळमळ, पाय न उचलण्याइतका थकवा, रात्रीचा ताप, जिना चढताना लागलेली धाप हे सगळं बाकीच्या वीस दिवसांत, घरी घडतं. त्या वीस दिवसांची नोंद म्हणजे रुग्णाला तिथे बसून जे आठवेल ते. संशोधक मनगटाकडे वळले त्याचं कारण हे आहे. ईकॉगमधली दोन आणि तीनची सीमा परत वाचून पाहा: जागेपणीचा निम्मा वेळ. आठवणीतून सांगायला ही गोष्ट अवघड आहे, पण यंत्राला ती मोजता येते.

आत काय असतं?

बहुतेक उपकरणांमध्ये दोन मुख्य सेन्सर असतात. पहिला हालचाल टिपतो, वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे. दुसरा त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि किती परत आला ते पाहतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. त्यावरून नाडी कळते. काहींत त्वचेचं तापमान मोजायची सोय असते, काहींत काही सेकंदांचा ईसीजी काढता येतो. छातीवर किंवा काखेत चिकटवायचे पॅच आणि बोटातल्या अंगठ्याही याच कुळातल्या.

सेन्सर मोजतो हालचाल. ‘पावलं’ हा त्यावरून काढलेला हिशेब असतो. ‘झोप’ त्याच्याही पुढची पायरी. जागेपणी निश्चल पडून राहिलेल्या माणसाला घड्याळ अनेकदा झोपलेला समजतं. निरोगी माणसाच्या बाबतीत ही चूक चालून जाईल. वेदनेने किंवा काळजीने रात्रभर छताकडे बघत पडलेल्या रुग्णाला ‘सात तास उत्तम झोप’ असं प्रमाणपत्र मिळणं ही मोठी चूक आहे. म्हणून हिशेबाच्या जितक्या पायऱ्या जास्त, तितका त्या आकड्यावर विश्वास कमी ठेवावा. चांगल्या अभ्यासात सेन्सरची मूळ नोंदही जपून ठेवतात, कारण कंपनीने अधेमधे सॉफ्टवेअर बदललं की त्याच हालचालीतून वेगळी पावलं निघू शकतात, आणि रुग्ण सुधारला की हिशेब बदलला हे कळेनासं होतं.

पावलांवरून काय कळतं?

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय केंद्रातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या टप्प्यातला कॅन्सर असलेल्या ३७ रुग्णांना त्यांनी फिटबिट हे पावलं मोजणारं घड्याळ दोन आठवडे घालायला दिलं होतं. रोजची पावलं आणि डॉक्टरांनी दिलेली ईकॉग श्रेणी यांचा मेळ बसला. शिवाय ज्यांची पावलं जास्त, त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम, रुग्णालयात भरती आणि मृत्यू यांची शक्यता कमी दिसली. त्याआधी २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केमो आणि रेडिएशन एकत्र घेणाऱ्या ३८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, रोजच्या दर हजार जादा पावलांमागे भरती होण्याचा धोका ३८ टक्क्यांनी कमी आढळला.

हे अभ्यास लहान आहेत. तीस-चाळीस माणसांवरून सगळ्यांसाठी नियम बांधता येत नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे, कारण पावलांच्या एका आकड्यात बरंच काही उतरतं. हिमोग्लोबिन घसरलं तर माणूस कमी चालतो. दुखत असेल, पोटात अन्न टिकत नसेल, मन खचलं असेल, तरी कमीच चालतो. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झालिप्लॅटिनसारख्या औषधांनी तळव्यांच्या नसा बधिर झाल्या तर चालच बदलते.

अडचणही याच गोष्टीत आहे. पावलं घटली एवढं घड्याळ सांगतं. कशामुळे, हे सांगू शकत नाही. आणि एकाची पावलं दुसऱ्याच्या पावलांशी ताडून उपयोग नाही. पूर्वीपासून रोज तीन हजार पावलं चालणारे आजोबा आजही तीन हजार चालत असतील तर त्यांचं ठीक चाललं आहे. नऊ हजारांवरून चार हजारांवर आलेली तरुणी त्यांच्याहून जास्त चालते, पण फोन तिला करायला हवा. तुलना ज्याची त्याच्याशीच, उपचाराआधीच्या दिवसांशी. म्हणून नीट आखलेल्या अभ्यासात पहिला डोस देण्याआधीच काही दिवस घड्याळ घालायला देतात.

मग जास्त चालायला लावलं तर आजार हटेल का?

असा अर्थ लगेच काढू नये. अशक्त माणूस कमी चालतो, म्हणून कमी पावलं पुढच्या त्रासाची सूचना देतात. त्याला ओढून चालवल्याने अशक्तपणाचं कारण जात नाही.

व्यायामाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी वेगळा पुरावा आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांच्या ‘चॅलेंज’ ट्रायलचे निकाल २०२५ मध्ये आले. तीन वर्षांचा आखीव, प्रशिक्षकांच्या देखरेखीखालचा व्यायाम केलेल्या गटात पाच वर्षांनंतर ८०.३ टक्के रुग्ण आजार न उलटता जिवंत होते. नुसती माहितीपुस्तिका दिलेल्या गटात ७३.९ टक्के. निकाल मोलाचा आहे, पण तो उपचार संपलेल्या माणसांचा आणि शिस्तीत दिलेल्या व्यायामाचा.

हे इतकं स्पष्ट लिहितोय, कारण घरात काय होतं ते कल्पनेबाहेरचं नाही. घड्याळ आलं की आकडा घरच्यांच्या डोळ्यांसमोर येतो. ‘आज फक्त आठशे? उठ, थोडं फिर.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की आपण कमी पडतोय, आजाराशी नीट लढत नाही. केमोनंतरच्या तिसऱ्या दिवशी आठशे पावलं हा कुणाचा आळस नव्हे. तो औषधाचा परिणाम आहे आणि ट्रायलला नेमका तोच मोजायचा आहे. काही अभ्यासांत उपकरणावर आकडा दिसूच देत नाहीत, त्याचं एक कारण हे की आकडा दिसला की माणूस त्याच्यासाठी चालू लागतो आणि मोजमाप बिघडतं.

तापाच्या बाबतीत तास मोजावे लागतात

मला सर्वांत जास्त आशा इथे दिसते. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते, आणि अस्थिमज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या पेशीही त्यात सापडतात. बऱ्याच केमोंमध्ये डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तळाला जातात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या ५०० पेक्षा कमी उरल्या की साधा जंतुसंसर्गही जीव घेऊ शकतो. पू, सूज ही नेहमीची लक्षणं दिसतही नाहीत, कारण ती घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. बरेचदा ताप हे एकच चिन्ह असतं. एकदा ३८.३ अंश सेल्सिअस किंवा तासभर टिकलेला ३८ अंश ताप म्हणजे तातडीची वेळ. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असं मार्गदर्शक सूचना सांगतात.

पण पोचणार केव्हा? घरी थर्मामीटर दिवसातून दोन-चारदा लावला जातो. रात्री एकला चढलेला ताप सकाळी सातला कळतो. सतत तापमान मोजणारा पॅच हे मधले तास वाचवू शकतो का, याचा अभ्यास म्हणूनच चालू आहे. त्वचेचं तापमान आणि शरीराच्या आतलं तापमान एक नसतं. पांघरुणाने, पंख्याने, घामाने फरक पडतो, त्यामुळे पॅचचा इशारा आला की थर्मामीटर लावून खात्री करावीच लागते.

कार-टी उपचारातही हाच प्रश्न येतो. यात रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, बाहेर काढून, त्यांत बदल करून, कॅन्सरवर सोडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, असा पहिला उपचार २०१७ मध्ये मंजूर केला. पेशी परत दिल्यावर पहिल्या काही दिवसांत प्रतिकारशक्तीचा भडका उडू शकतो, आणि त्याची सुरुवात बहुधा तापाने होते. म्हणून रुग्णाला चार आठवडे केंद्राजवळ राहायला सांगत. २०२५ मध्ये एफडीएने ही मुदत दोन आठवड्यांवर आणली. रुग्ण लवकर घरी जाणार ही चांगलीच गोष्ट आहे. मग रात्री त्याच्यावर लक्ष ठेवणारं काही तरी घरी हवं.

हृदयाबद्दल थोडक्यात. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाने हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो, इब्रुटिनिब या कॅन्सरच्या औषधाने ठोके अनियमित होऊ शकतात. अनियमित ठोक्यांची सूचना घड्याळ देऊ शकतं. ‘ॲपल हार्ट स्टडी’त चार लाखांहून जास्त लोकांपैकी ०.५२ टक्क्यांना अशी सूचना आली. नंतर ज्यांनी ईसीजीचा पॅच लावला आणि तो तपासायला परत पाठवला, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये ठोक्यांचा तो दोष सापडला. ठोके येऊन-जाऊन बिघडत असल्याने बाकीच्या सूचना खोट्याच होत्या असं नाही. पण सूचना आली म्हणजे ईसीजी काढायचा, मनाने औषध सुरू किंवा बंद करायचं नाही.

सर्वांत वाईट दिवस नोंदीतून निसटतात

या संशोधनातली सर्वांत अवघड गोष्ट सेन्सर नाही, कोऱ्या जागा आहेत. माणूस घड्याळ केव्हा काढून ठेवतो? उलट्या होत असताना, हातात सलाइन लागलेलं असताना, चार्जिंगला लावायचंही त्राण नसताना. म्हणजे जे दिवस मोजणं सर्वांत गरजेचं, तेच गळतात. उरलेल्या बऱ्या दिवसांची सरासरी काढली की औषध आहे त्यापेक्षा सोसायला सोपं दिसतं. आणि ते आकडे पाहून पुढच्या रुग्णांना तोच डोस दिला जाईल. म्हणून एखाद्या ट्रायलचा निकाल वाचताना माझी नजर आधी याकडे जाते की किती दिवसांची नोंद हाती आली आणि गळलेल्या दिवसांचं संशोधकांनी काय केलं. ते सांगितलेलं नसेल तर बाकीच्या आलेखांवर फार भिस्त ठेवू नये.

कोण निसटतं हेही पाहावं लागतं. वॉकर धरून चालणाऱ्याचं मनगट हलत नाही, त्याची बरीच पावलं मोजलीच जात नाहीत. अगदी सावकाश चालणाऱ्याचीही कमी मोजली जातात. शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज येत असेल तर त्यावर घट्ट पट्टा चालत नाही. स्मार्टफोनच नसलेला रुग्ण बरेचदा अभ्यासात येतच नाही. प्रकाशावर चालणाऱ्या मोजमापाला त्वचेचा रंगही आड येऊ शकतो. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणांबाबत अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, की घसरलेला ऑक्सिजन त्या उपकरणांच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. सावळ्या त्वचेच्या रुग्णांवर तपासून न पाहिलेलं उपकरण त्यांच्या उपचाराचे निर्णय घ्यायला वापरणं मला मान्य नाही.

इशारा आला, पलीकडे कुणी आहे का?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ७६६ रुग्णांची एक ट्रायल झाली. त्यात घड्याळ नव्हतं. एका गटातले रुग्ण आपली लक्षणं ऑनलाइन कळवत, आणि त्रास वाढला की नर्सला इशारा जाई. या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीची देखरेख असलेल्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून. हे निकाल २०१७ मध्ये आले तेव्हा मोठी खळबळ झाली. पुढे ५२ केंद्रांवर अशीच मोठी ट्रायल झाली. त्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. तातडीच्या विभागात जायची पहिली वेळ मात्र लांबली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एवढं दिसतं: नोंद स्वतः कुणाला बरं करत नाही. नोंद वाचून फोन करणारी नर्स, उलटीचं औषध बदलणारा डॉक्टर, सलाइन लावायला मोकळी खाट, ही साखळी असेल तर नोंदीचा उपयोग होतो. आधीच कामाखाली दबलेल्या नर्सपुढे दिवसाला शंभर इशारे आले तर खरा इशाराही त्यात बुडून जाईल. घड्याळ घातल्याने कॅन्सरच्या रुग्णाचं आयुष्य वाढतं, असं आज म्हणता येत नाही.

तरीही ट्रायलला याची गरज का?

डोस ठरवण्यासाठी. केमोच्या काळापासून पद्धत अशी, की रुग्णाला सोसवेल तितका जास्तीत जास्त डोस शोधायचा आणि तोच द्यायचा. आजच्या अनेक गोळ्या महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यायच्या असतात, आणि ठरावीक डोसनंतर गाठीवरचा परिणाम वाढेलच असं नाही; त्रास मात्र वाढू शकतो. एफडीएने २०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ सुरू केला तो ही सवय मोडण्यासाठी. त्याच वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या सोटोरासिबला रोज ९६० मिलिग्रॅम डोसची मंजुरी देताना, २४० मिलिग्रॅमशी तुलना करून दाखवा, अशी अट त्यांनी घातली.

समजा दोन डोस गाठीला सारखेच आवर घालतात. मग निवड कशावर करायची? एका डोसवर माणूस दिवसाचा बहुतेक वेळ उठून वावरतो, दुसऱ्यावर खाटेवर असतो, हा फरक स्कॅनवर कधीच दिसणार नाही. रुग्णाने स्वतः सांगितलेली लक्षणं आणि घड्याळाची नोंद एकत्र ठेवली तर तो दिसू शकतो. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं खरं समर्थन हे आहे.

नियामक संस्थाही या मापांचा विचार करू लागल्या आहेत. अशा उपकरणांनी ट्रायलमध्ये माहिती कशी गोळा करावी, याचं मार्गदर्शन एफडीएने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. ड्युशेन या स्नायूंच्या आजारात, घोट्याला बांधलेल्या सेन्सरने मोजलेला चालण्याचा वेग युरोपच्या औषध संस्थेने २०१९ मध्ये दुय्यम आणि २०२३ मध्ये मुख्य निकष म्हणून स्वीकारला. कॅन्सरमध्ये मुख्य निकष अजून आयुष्य किती वाढलं आणि आजार किती काळ थोपला हेच आहेत, आणि ते तसेच राहावेत.

सही करण्याआधी काय विचारावं?

माहिती कुणाच्या सर्व्हरवर जाते, उपकरण बनवणाऱ्या कंपनीला काय दिसतं, तुम्ही कुठे जाता-येता याची नोंद होते का, अभ्यास संपल्यावर या माहितीचं काय होतं, हे संमतीपत्रात असायला हवं. नसेल तर विचारा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: ही नोंद त्या त्या वेळी कुणी पाहत असतं का? अनेक अभ्यासांत कुणीही पाहत नसतं. माहिती साठत राहते आणि काही महिन्यांनी तपासली जाते. रुग्णाचा मात्र समज असतो की घड्याळ आहे, काही झालं तर त्यांना कळेलच. या समजापायी ताप अंगावर काढला तर जिवावर बेतू शकतं. केमो चालू असताना ३८ अंशांवर ताप गेला की घड्याळात काहीही दिसो, उपचार करणाऱ्या केंद्राला स्वतः फोन करायचा. रात्री-अपरात्री कुठला नंबर लावायचा, तो घड्याळ हातात घेतानाच मागून घ्या. घड्याळाचा जाच होऊ लागला तर ट्रायलच्या समन्वयकाला तसं सांगा. अभ्यासातून केव्हाही बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यासाठी तुमचे नेहमीचे उपचार कुणी अडवू शकत नाही.